अकाउंट्सवाल्यांनी घरच्या घरी पीएचपी शिकावं का? शिकावं तर कसं?

वर्तकनगरची_सून

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्रच होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी बीकॉम. महाप्याला एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. टॅली आणि एक्सेलवर हात बसलेला आहे, पण प्रोग्रामिंगच्या नावाने शंख. माझ्या जाऊबाई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. गिऱ्हाइकं वर्तकनगर, पोखरण रोड आणि थोडी नौपाड्यातली. ऑर्डरी येतात व्हॉट्सअ‍ॅपवर, उतरतात वहीत आणि हिशोब शेवटी माझ्या गळ्यात. "चकली अर्धा, चिवडा पाव, लाडू गेल्या वर्षीएवढेच" असा मेसेज. गेल्या वर्षी किती होते ते आम्ही शोधायचं. वर लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री फोन, "अगं, मी अनारसेपण सांगितले होते ना?"

तर मला एक साधं पान करायचंय. पदार्थ, वजन, नाव, पत्ता आणि शेवटी टोटल. ऑर्डरी कुठेतरी साठायला हव्यात आणि उद्या एकूण किती किलो चकली तळायची ते जाऊबाईंना एका यादीत दिसायला हवं. हे करता करता प्रोग्रामिंगची एखादी भाषाही शिकायची आहे. भाचा म्हणतो जावास्क्रिप्ट शीक. ऑफिसातला आयटीवाला म्हणतो पायथॉन. स्टेशनजवळच्या एका क्लासने "फुल स्टॅक"चा जो आकडा सांगितला तो ऐकून मी मुकाट जिना उतरले. मी पीएचपीचं नाव घेतलं तर सगळे हसले. का हसले तेही कुणी सांगितलं नाही.

रात्री जेवणं उरकल्यावर वेळ मिळतो. लॅपटॉप जुना आहे, विंडोजवाला. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ट्रान्सहार्बर_८_१२

गूगल फॉर्म करा. शीट आपोआप भरते, फुकट आहे. धागा संपला. (हलके घ्या.)

वर्तकनगरची_सून

@ट्रान्सहार्बर, फॉर्म करून झालाय. भरताना गिऱ्हाइकाला टोटल दिसत नाही, म्हणून फॉर्म भरून झाल्यावर प्रत्येकीने पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर "किती झाले गं?" विचारलं. आणि मला शिकायचंच आहे हो. नुसतं काम उरकायचं असतं तर वही काय वाईट होती?

निवांत_नेरूळकर

हसणाऱ्यांना हसू द्या. बरीच वर्षं या धंद्यात आहे म्हणून जरा लांबण लावतो.

पीएचपी आणि जावास्क्रिप्ट दोन्ही १९९५ च्या. रास्मुस लेर्डोर्फने स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी लिहिलेली अवजारं लोकांना वापरायला दिली, ती "पर्सनल होम पेज टूल्स" या नावाने. ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्टचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला. त्या घाईच्या खुणा दोघींच्याही अंगावर आहेत. पीएचपीत काही फंक्शनांच्या नावात अंडरस्कोर आहे, काहींत नाही. कुठे आधी "काय शोधायचं" द्यायचं असतं, कुठे आधी "कशात शोधायचं". लोक हसतात ते याला. पण वर्डप्रेस पीएचपीत आहे आणि विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकीही पीएचपीतच आहे. शिवाय डिसेंबर २०१५ ला सातवी आवृत्ती आणि नोव्हेंबर २०२० ला आठवी आल्यापासून भाषा बरीच सुधारली. हसणाऱ्यांपैकी बरेच जण पाचव्या आवृत्तीवर हसत असतात.

आता कामाचं. कुठलीही भाषा घ्या, एक प्रश्न सतत विचारत राहायचा: हा कोड कुठल्या मशीनवर चालतोय? नवशिक्यांचे बहुतेक घोळ इथेच होतात. जावास्क्रिप्ट गिऱ्हाइकाच्या फोनमधल्या ब्राउझरमध्ये चालते. पीएचपी दूर कुठेतरी सर्व्हरवर, म्हणजे पानं पुरवणाऱ्या कॉम्प्युटरवर चालते, तिथे तिचं काम संपतं आणि फक्त तयार एचटीएमएल, म्हणजे मांडून दिलेलं पान, फोनपर्यंत येतं. आकडे बदलताच टोटल हलायला हवी असेल तर ते काम ब्राउझरचं. ऑर्डर साठवायची, यादी काढायची, तर ते सर्व्हरचं. म्हणजे तुम्हाला दोन्ही थोडं थोडं लागणार.

क्रम असा ठेवा. आधी एचटीएमएलचा फॉर्म. मग तो पीएचपीने वाचायचा. मग डेटाबेसमध्ये ठेवायचा. जावास्क्रिप्ट सगळ्यात शेवटी. पीएचपीचा मोठा फायदा म्हणजे स्वस्तातल्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, फाइल नुसती टाकली की चालते.

ऐरोलीचा_कोडेकर

काकांचा आदर आहे, पण असहमत. जावास्क्रिप्ट दोन्हीकडे चालते. ती सर्व्हरवर चालवणारं नोड २००९ पासून आहे. एकच भाषा शिकून दोन्ही कामं होत असतील तर नवशिक्याने दोन भाषा का शिकाव्यात? वर जॉब मार्केटमध्ये रिअ‍ॅक्टला, म्हणजे जावास्क्रिप्टमधल्या पानं बांधायच्या साधनाला, मागणी आहे.

निवांत_नेरूळकर

अरे कोडेकरा, मुद्दा चूक नाही. पण नोडचा प्रोग्रॅम सर्व्हरवर सतत जागा ठेवावा लागतो. तो पडला तर उठवायला कोण जाणार, जाऊबाई? आणि रिअ‍ॅक्टचा नवा प्रोजेक्ट काढला की फोल्डरात ज्या हजारो फाइली येतात त्यातलं यांनी नक्की काय वाचायचं? चकलीच्या फॉर्मला एवढा लवाजमा नको. दुसरं म्हणजे, एकच भाषा दोन्हीकडे असली की "कुठे चालतंय" हा प्रश्न नवशिक्याला पडतच नाही. तो पडायला हवा. दोन वेगळ्या भाषा असल्या की निदान डोळ्यांना फरक दिसतो.

ऐरोलीचा_कोडेकर

हा शेवटचा मुद्दा पटला. बाकीच्यावर भांडण राखून ठेवतो.

निवृत्त_आणि_प्रवृत्त

आमच्या वेळी कोबोल होतं आणि पंच कार्डांचा गठ्ठा. गठ्ठा हातातून पडला की रविवार गेला. तुम्ही भाग्यवान. अवांतराबद्दल क्षमस्व.

वर्तकनगरची_सून

सर्वांचे आभार. पीएचपी ठरली. झॅम्प, म्हणजे लॅपटॉपवरच सर्व्हर चालवणारं पॅकेज, उतरवून घेतलं. एका व्हिडिओत बघून "नमस्कार ठाणे" छापणारी फाइल लिहिली, तिच्यावर डबलक्लिक केलं तर पानावर कोडच्या कोड दिसतोय! नमस्काराचा पत्ता नाही. झॅम्प तर हिरवं दाखवतंय.

निवांत_नेरूळकर

पहिल्या परीक्षेला बसलात, अभिनंदन. डबलक्लिक केल्यावर ब्राउझरने फाइल थेट डिस्कवरून उचलली. मध्ये पीएचपी आलीच नाही. अ‍ॅड्रेस बारमध्ये सुरुवातीला "फाइल" आणि तीन तिरक्या रेघा दिसत असतील बघा. ती फाइल झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरात ठेवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, तिरकी रेघ, फाइलचं नाव असं टाइप करा. आता ब्राउझर सर्व्हरकडे पान मागेल, सर्व्हर पीएचपीकडून ते करून घेईल. तुमच्याकडे सर्व्हर आणि ब्राउझर एकाच लॅपटॉपवर आहेत म्हणून गोंधळ होतो, पण ती दोन वेगळी मंडळी आहेत.

हे जमलं की एक गृहपाठ. एकाच पानावर वर पीएचपीच्या डेट फंक्शनने वेळ छापा आणि खाली जावास्क्रिप्टने दर सेकंदाला बदलणारी वेळ छापा. मग नुसतं बघत बसा. नंतर कंट्रोल-यू दाबून पानाचा सोर्स बघा आणि तुमची पीएचपी कुठे दिसते ते इथे सांगा.

वर्तकनगरची_सून

केलं. वरची वेळ जागच्या जागी थांबलेली, खालची पळतेय. सोर्समध्ये जावास्क्रिप्ट जशीच्या तशी आहे, पीएचपीचं नावनिशाण नाही, फक्त वेळेचा आकडा. म्हणजे पीएचपी पान पाठवून मोकळी झाली. हे डोक्यात शिरलं, मजा आली.

पण रात्रीचे सव्वादहा वाजलेत आणि वरचं घड्याळ संध्याकाळचे पावणेसात दाखवतंय. लॅपटॉपची वेळ बरोबर आहे.

ऐरोलीचा_कोडेकर

हाहा, तुम्ही बर्लिनमध्ये आहात. झॅम्पची मूळ मंडळी जर्मनीतली. त्यांच्या पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत टाइमझोन "युरोप/बर्लिन" असतो. तिकडे सध्या उन्हाळी वेळ आहे म्हणून साडेतीन तास मागे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार तास मागे जाईल, म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमारास. त्या फाइलीत "आशिया/कोलकाता" करा आणि अपाची (झॅम्पमधला सर्व्हर) बंद करून पुन्हा चालू करा. नुसती पीएचपी बसवली असती तर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ मिळाली असती, साडेपाच तास मागे.

निवांत_नेरूळकर

कोडेकराला पूर्ण मार्क. पुढे होस्टिंगवर टाकाल तेव्हा तिथली सेटिंग वेगळी असेल, तेव्हा टाइमझोन फाइलीच्या सुरुवातीला कोडमधूनच द्या. तिथला सर्व्हर कुठल्या देशात बसलाय ते तुम्हाला माहीत नसतं.

कळवा_कारशेड

मध्येच घुसतोय. वय ३८, दुकानात सेल्समन आहे. असं घरी शिकून नोकरी मिळते का? स्पष्ट सांगा.

निवांत_नेरूळकर

स्पष्टच सांगतो. नुसतं शिकून नाही. मी मुलाखती घेतो. सर्टिफिकेट बघत नाही, "तुम्ही केलेलं काहीतरी दाखवा" म्हणतो. समोरच्याने लिंक दिली, तर त्यातली एक ओळ बोटाने दाखवून विचारतो की ही काढली तर काय होईल. व्हिडिओ बघून टाइप केलेलं असेल तर इथे बोबडी वळते. फ्रेशरच्या जागांवर इंजिनिअरिंगची पोरं रांगेत असतात, त्यांच्याशी थेट स्पर्धा कठीण आहे. त्यापेक्षा ज्या दुकानात आहात तिथलंच एखादं कटकटीचं काम सोपं करून दाखवा. धंदा समजणारा आणि थोडं कोड येणारा माणूस वेगळ्या दाराने आत येतो.

कळवा_कारशेड

धन्यवाद. स्टॉकची वही आहे आमच्याकडे. बघतो.

तलावपाळीकर

शिकायला काय वापरताय ते कुणीच लिहिलं नाही. माझे दोन पैसे. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टसाठी मोझिलाचं एमडीएन हे संकेतस्थळ. रुक्ष आहे, पण बरोबर आहे. पीएचपीसाठी तिचं अधिकृत मॅन्युअल, प्रत्येक फंक्शनच्या पानावर उदाहरणं असतात. इंग्रजीचं दडपण येत असेल तर पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा, त्यात पुष्कळ धडे मराठी आवाजातही आहेत. कुठलाही व्हिडिओ लावण्याआधी तो कोणत्या वर्षाचा आहे ते बघा. आणि एकाच मालिकेला धरून राहा. तीन मालिकांचे पहिले चार भाग बघून काहीही येत नाही.

वर्तकनगरची_सून

वर्षाचं बरं सांगितलंत. व्हिडिओत डेटाबेस जोडायला "मायएसक्यूएल अंडरस्कोर कनेक्ट" लिहिलंय, मी अक्षर न् अक्षर पडताळलं, तरी "कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन" येतंय. त्याचं चालतं, माझं का नाही?

ऐरोलीचा_कोडेकर

कारण ते फंक्शन भाषेतून काढून टाकलंय. पीएचपी ७ पासून नाही. एरर शब्दशः खरं बोलतेय, या नावाचं फंक्शन मला माहीत नाही. डेटाबेसशी बोलायला पीएचपीतलं पीडीओ वापरा. आणि पहिल्या दिवसापासून प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरीत (डेटाबेसला द्यायच्या हुकुमात) व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि व्हॅल्यू वेगळी द्यायची. जुन्या व्हिडिओत नाव थेट क्वेरीच्या वाक्यात चिकटवलेलं असेल, तसं करू नका.

वर्तकनगरची_सून

चिकटवलं तर काय होतं? चालतंय की.

ऐरोलीचा_कोडेकर

डिसूझा आडनाव इंग्रजीत टाका. डी, मग अ‍ॅपॉस्ट्रॉफी, मग पुढचं. ठाण्यात ही आडनावं कमी नाहीत.

वर्तकनगरची_सून

पडलं! सिंटॅक्स एरर.

ऐरोलीचा_कोडेकर

त्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीने डेटाबेसला वाटलं की नाव तिथेच संपलं, आणि पुढचं "सूझा" त्याने हुकूम म्हणून वाचायला घेतलं. हे झालं सरळ गिऱ्हाइकाकडून. वाकडा माणूस तिथे "सूझा"ऐवजी खरोखरचा हुकूम लिहील, अख्खी यादी वाचेल किंवा पुसेल. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. प्रश्नचिन्ह वापरलं की क्वेरी आणि माहिती वेगवेगळी जाते, मग आडनावात काहीही असो.

घोडबंदरी_घोडा

एवढा खटाटोप कशाला? एआयला सांगा, "फराळाच्या ऑर्डरचं पान करून दे". पाच मिनिटांत कोड हातात. आता कोण शिकतंय?

वर्तकनगरची_सून

@घोडबंदरी, तेही केलं हो. टोटलचा भाग त्यानेच लिहून दिला आणि दिसतो पण छान. होस्टिंग आणि डॉट इन नाव घेतलं आहे, चाचणीची लिंक प्रोफाइलमध्ये ठेवली आहे. मंडळींनी ऑर्डरी टाकून बघाव्यात. खऱ्या नाहीत, पैसे नाहीत!

ऐरोलीचा_कोडेकर

बघितली. मी एक किलो अनारसे एक रुपयात मागवलेत. जाऊबाईंना म्हणावं, तांदूळ भिजत घालू नका.

वर्तकनगरची_सून

अरे! कसं काय?

ऐरोलीचा_कोडेकर

कॉम्प्युटरवर पान उघडून एफ-१२ दाबलं, की पानाचा कोड समोर येतो. प्रत्येक पदार्थाचा दर तुमच्या फॉर्ममध्ये एका लपवलेल्या खान्यात आहे, टाइप हिडन. त्यावर डबलक्लिक करून दराच्या जागी एक लिहिला आणि बटण दाबलं. सर्व्हरने तो एक मुकाट घेतला, वजनाने गुणला आणि साठवला.

निवांत_नेरूळकर

आलो आपण फिरून त्याच प्रश्नावर. हा दर कुठे आहे? गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये. ब्राउझरमध्ये जे जे आहे ते गिऱ्हाइकाच्या ताब्यात, लपवलेलं असलं तरी. फॉर्ममधून फक्त पदार्थाचा क्रमांक आणि वजन घ्या. दर सर्व्हरवर, डेटाबेसच्या तक्त्यातून घ्या आणि टोटल तिथेच पुन्हा करा. जावास्क्रिप्टची टोटल दाखवण्यापुरती, पीएचपीची टोटल खरी. तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात, पार्टीने स्वतः लिहून आणलेल्या बिलावर तुम्ही व्हाउचर पास कराल का? दर कार्ड काढून ताडून बघालच ना!

@घोडबंदरी_घोडा, एआय वापरू नका असं मी म्हणणार नाही, मीही वापरतो. नुसतं "पान करून दे" म्हटलं की कधी चांगला कोड येतो, कधी असा. कुठला आलाय ते ओळखायला शिकावं लागतं. यांनी त्याला एरर समजावून मागावी, चार ओळींचा अर्थ विचारावा. अख्खी फाइल मागू नये.

आणि पैशाबद्दल एक. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा. ०.३०००००००००००००००४ येतं. दशांश अपूर्णांक मशीन द्विमान पद्धतीत ठेवतं, तिथे ०.१ नेमका बसत नाही. तेव्हा रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा, नाहीतर डेटाबेसमध्ये डेसिमल प्रकार वापरा. फ्लोट नको.

वर्तकनगरची_सून

व्हाउचरचं ऐकून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दर काढून टाकले फॉर्ममधून.

आता नवीनच भानगड. गणपतीत घरी आलेल्या मैत्रिणींना लिंक दिली. काहींची टोटल बरोबर, काहींची सरळ शून्य. तेच पान, तोच कोड. सर्व्हरवर वजनाला इंट लावते, म्हणजे त्याचा पूर्णांक करते आणि दराने गुणते. वजनाचा खाना "किती पाव किलो" असा आहे, साधा टेक्स्टचा. माझ्या फोनवर प्रत्येक वेळी बरोबर येतं.

तलावपाळीकर

शून्य येणाऱ्यांचा फोन कुठला?

वर्तकनगरची_सून

वेगवेगळे. त्यात काही साम्य नाही.

निवांत_नेरूळकर

फोन सोडा. सर्व्हरला नक्की काय मिळालं ते बघा. इंट लावण्याच्या आधीच्या ओळीवर व्हार-डंप (आलेली व्हॅल्यू, तिचा प्रकार आणि लांबी छापणारं फंक्शन) टाका आणि शून्य येणाऱ्या एका मैत्रिणीला तिच्याच फोनवरून पुन्हा भरायला लावा. छापून आलेलं इथे जसंच्या तसं लिहा, स्वतःचा अर्थ लावू नका.

वर्तकनगरची_सून

माझ्या फोनवरून: स्ट्रिंग, कंसात १, आणि पाच.
तिच्या फोनवरून: स्ट्रिंग, कंसात ३, आणि पाच.

एका पाचाची लांबी तीन कशी?

ऐरोलीचा_कोडेकर

तिचा कीबोर्ड मराठी आहे!!! तिने मराठी ५ टाइप केलाय.

निवांत_नेरूळकर

बरोबर. हे नीट समजून घ्या, मराठीत पान करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं आणि इंग्रजी धड्यांत ते नसतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीत, देवनागरीचा ५ आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी चिन्हं आहेत. ती चिन्हं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी आकडा एका बाइटमध्ये मावतो, देवनागरीतल्या चिन्हाला तीन बाइट लागतात. व्हार-डंपच्या कंसातला आकडा बाइटचा आहे. म्हणून १ आणि ३. पीएचपीचं इंट फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. मराठी ५ त्याला आकडा वाटतच नाही, म्हणून ते शून्य देतं, आणि तेही अजिबात कुरकुर न करता. जावास्क्रिप्ट निदान "नॉट अ नंबर" म्हणते.

उपाय सोपा. एसटीआरटीआर नावाचं फंक्शन आहे. त्याला दहा जोड्यांची यादी द्या, मराठी शून्याला इंग्रजी शून्य, असं नऊपर्यंत. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक आकड्यावर आधी ते चालवा, मग इंट. त्यानंतरही शून्य आलं तर ऑर्डर साठवू नका, "वजन पुन्हा भरा" असं सांगा.

आणि हात लागलाच आहे तर एक गंमत करून बघा. "ठाणे" या शब्दाची लांबी तीन प्रकारे मोजा. एसटीआरलेन १२ सांगेल, कारण ते बाइट मोजतं. एमबी-एसटीआरलेन ४ सांगेल: ठ, काना, ण, मात्रा. ग्राफीम-एसटीआरलेन २ सांगेल, म्हणजे आपण डोळ्यांनी मोजतो तशी ठा आणि णे. तिसऱ्यासाठी आयएनटीएल हे एक्स्टेंशन चालू असावं लागतं. नावाला "जास्तीत जास्त वीस अक्षरं" अशी मर्यादा घालायची झाली तर यातलं कुठलं वापरता त्यावर लोकांची आडनावं मधेच कापली जाणार की नाही ते ठरतं.

निवृत्त_आणि_प्रवृत्त

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नातवाला दाखवलं. त्याने "महाराष्ट्र" टाकून बघितलं आणि आता जोडाक्षरं कशी मोजायची यावरून घरात वाद चालू आहे.

वर्तकनगरची_सून

दहा जोड्या लिहिल्या, शून्य येणं थांबलं. नेरूळकर, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

एक राहिलंय. एका पत्त्याच्या शेवटी बाईंनी हात जोडलेला इमोजी टाकला, तर डेटाबेस "इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू" म्हणून ऑर्डरच घेत नाही. मराठी मात्र नीट घेतो.

तलावपाळीकर

तक्ता करताना व्हिडिओत बघून कॅरेक्टर सेट "यूटीएफ८" ठेवला असणार. मायएसक्यूएलमध्ये त्या नावाचा जुना सेट एका चिन्हाला तीनच बाइट देतो. मराठी तीनात बसते, इमोजीला चार लागतात. "यूटीएफ८एमबी४" करा, तक्त्यालाही आणि पीडीओच्या कनेक्शनलाही. कनेक्शनचं हमखास राहून जातं.

वर्तकनगरची_सून

केलं, नमस्कार पोचला.

ऑर्डरी सुरू केल्यात, खऱ्याखुऱ्या. उद्याच्या तळणाची यादी जमली, पदार्थाप्रमाणे ग्रुप बाय आणि वजनाची बेरीज. हे तर पिव्होट टेबलच निघालं, उगाच घाबरत होते. पण काही ऑर्डरी दोनदा आल्यात, सेकंदाच्या अंतराने, त्याच नावाने.

निवांत_नेरूळकर

"ऑर्डर मिळाली" हे पान ज्या फाइलीत ऑर्डर साठवता तीच फाइल छापतेय ना? मग गिऱ्हाइकाने ते पान रिफ्रेश केलं की ब्राउझर फॉर्म पुन्हा पाठवतो. ब्राउझर आधी विचारतो, पण लोक न वाचता हो म्हणतात. साठवून झालं की तिथे काही छापू नका. हेडर (पानाच्या आधी ब्राउझरला जाणारी सूचना) फंक्शनने लोकेशन देऊन ब्राउझरला दुसऱ्या, धन्यवादाच्या पानावर पाठवा आणि लगेच एक्झिट लिहा. आता रिफ्रेश केलं तर धन्यवादच पुन्हा येईल.

वर्तकनगरची_सून

लॅपटॉपवर झकास चाललं. होस्टिंगवर चढवलं तर "हेडर्स ऑलरेडी सेंट", ओळ १. पहिल्या ओळीत फक्त पीएचपी सुरू करायची खूण आहे, दुसरं काहीही नाही.

ऐरोलीचा_कोडेकर

काहीही "दिसत" नाही. फाइल कशात लिहिता?

वर्तकनगरची_सून

नोटपॅड.

ऐरोलीचा_कोडेकर

सेव्ह अ‍ॅजमध्ये एन्कोडिंग बघा. "यूटीएफ-८ विथ बॉम" असेल तर फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट बसतात. ते पीएचपीच्या खुणेच्या आधी आहेत, म्हणजे पानाचा मजकूर. ते ब्राउझरकडे निघून गेले की मग हेडर पाठवता येत नाही, हेडर आधीच जावे लागतात. झॅम्पमध्ये आउटपुट बफरिंग चालू असतं, मजकूर थोडा वेळ अडवून धरलेला असतो, म्हणून घरी चाललं. तुमच्या होस्टिंगवर ते बंद दिसतंय. साधं "यूटीएफ-८" निवडून पुन्हा सेव्ह करा. आणि नोटपॅड सोडा आता, व्हीएस कोड फुकट आहे, एन्कोडिंग खाली उजवीकडे कायम दिसतं.

वर्तकनगरची_सून

बॉमच होता. काढला, चाललं, डबल ऑर्डरी बंद. व्हीएस कोड उतरवतेय.

घोडबंदरी_घोडा

मानलं ताई. मानपाड्याला डिलिव्हरी आहे का? बेसन लाडू एक किलो.

वर्तकनगरची_सून

मानपाड्यापर्यंत आहे, त्यापुढे कासारवडवलीकडे नाही. लिंकवरूनच टाका. इथे लिहिलेली ऑर्डर धरली जाणार नाही.

कळवा_कारशेड

स्टॉकची वही मी पण सुरू केली आहे. तुमची ती दहा जोड्यांची यादी विपूत (विचारपुशीत) पाठवाल का? आमच्याकडे सेठजी आकडे मराठीतच टाकतात.